मुकं पेडल

माझा धाकटा भाऊ पायाळू जन्मला. पाय आधी आले, डोकं मागून. सुईण घाबरली, आई घाबरली, आणि मी म्हणे दाराबाहेर उभी राहून असं भोकाड पसरलं की शेजारीपाजारी जमा झाले. तेव्हापासून घरात त्याला पायाळूच म्हणतात. पुढे शेडवर येणारी गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली, फक्त त्यांना वाटायचं की हे नाव त्याच्या कामावरून पडलंय. वाटू दे म्हटलं. मी तोंड उघडलं नाही, आणि असं फार कमी वेळा होतं.

त्याचं काम जुन्या गाड्यांचे क्लच. नुसते क्लच. इंजिन घरघरतंय म्हणालात तर शेजारच्या गल्लीकडे बोट दाखवणार, ब्रेक लागत नाही म्हणालात तर देवाचं नाव घ्या म्हणणार. पण आजोबांच्या काळातली गाडी असेल, बाकीच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले असतील आणि दुखणं क्लचचं असेल, तर माणसं ती गाडी टेम्पोला बांधून लांबलांबून आमच्या दारात आणून उभी करायची.

क्लच म्हणजे काय, हे मला त्याने एकदा जेवणाच्या ताटल्यांवर शिकवलं. एक ताटली इंजिनाची, ती फिरतच असते. दुसरी चाकांची. पेडल दाबलं की दोघी सुटतात, सोडलं की चिकटतात. "ताई, सगळी मजा त्या चिकटण्यात आहे," तो म्हणाला. "झटका नको, घसरण नको. ती जागा एवढीशी असते, पण गाडीचा सगळा स्वभाव तिथे कळतो." मी म्हटलं, कळला स्वभाव, आता ताटल्या धुऊन ठेव.

ती एवढीशी जागा तो पायाने शोधायचा. डाव्या पायातली चप्पल काढायची, तळवा फडक्याने पुसायचा आणि चालू इंजिनावर, गिअर टाकून, अनवाणी पायाने पेडल दाबून हळूहळू सोडायचं. एकदा, फार तर दोनदा. लगेच सांगायचा, प्लेटवर तेल आलंय. किंवा, एक स्प्रिंग मेलंय, बाकीची त्याचं ओझं वाहतायत. गाडी उघडली की आत तेच निघायचं. "पेडल बोलतं," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "तुम्ही बूट घालून त्याच्या तोंडावर पाय देता, मग ऐकू कसं येणार?" गिऱ्हाइकं माना डोलवायची. मी पलीकडून म्हणायची, पेडल बोललेलं ऐकू येतं याला, बायको बोललेली मात्र ऐकू येत नाही.

पलीकडून म्हणजे शेडच्या माझ्या अर्ध्या भागातून. मी गाड्यांच्या शिटा शिवते. माझं लग्न झालं आणि मोडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. परत आले तेव्हा धाकट्याने शेडच्या मधोमध खडूने रेघ ओढली आणि म्हणाला, पलीकडचं तुझं, माझं तेल तिकडे येणार नाही. एवढ्या वर्षांत त्याने ती रेघ पाळली. माझ्या बाजूला काथ्या, रेक्झिनचे गुंडाळे, दाभणं, शिलाई मशीन. त्याच्या बाजूला पाने, जॅक, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या जुन्या क्लच प्लेटा. हाताखाली माणूस त्याच्याकडे टिकत नसे, कारण कुठलंही काम दुसऱ्याने केलेलं याला पटायचं नाही. म्हणून मी होते. जड काही धरायचं असलं की हाक यायची, ताई, जरा ये गं. मी शिव्या घालत जायची.

तर ती काळी गाडी. मागून गोल, पुढून लांब नाकाची, हँडल मारून चालू करायची जात. बाजारात चष्म्याचं दुकान असलेल्या एका गृहस्थांची. गाडी त्यांच्या वडिलांची, कित्येक वर्षं पत्र्याच्या खोलीत बंद होती. चष्मेवाल्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. त्यांचा भाचा चालवणार होता. वडील आता अंथरुणाला खिळलेले, त्यांना एकदा त्या गाडीतून घराच्या आसपास फिरवून आणायचं, एवढंच चष्मेवाल्यांच्या मनात होतं. फार सभ्य माणूस. माझ्या बाजूला यायचं तरी रेघेशी थांबून विचारायचे, येऊ का? अशा माणसांवर रागावता येत नाही, आणि मला ते जड जातं.

गाडीच्या शिटांमध्ये उंदरांनी संसार थाटले होते. त्या माझ्याकडे आल्या. क्लच तर पार जाम. पेडल दाबलं तरी ताटल्या सुटेनात, गंजाने एकमेकींना धरून बसलेल्या. धाकट्याने गिअरबॉक्स उतरवला, प्लेट सोडवली, तिच्यावरचं जुनं लायनिंग, म्हणजे पकड घेणारा थर, काढलं, नवं बसवलं, पितळेच्या रिव्हेटांनी ठोकलं. पुन्हा सगळं जोडलं. मला हाक मारली नाही, म्हणजे काम मनासारखं झालं होतं. मग इंजिन चालू करून, चप्पल काढून बसला.

मी मशीनवरून बघत होते. त्याने पेडल दाबलं, सोडलं. गाडी पुढे सरकली, अगदी लोण्यासारखी. मला वाटलं, झालं. पण त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. मग आणखी एकदा. पुढे किती वेळा ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी इंजिन बंद केलं आणि पेडलकडे बघत बसून राहिला.

"काय रे?" मी विचारलं.

"मुकं आहे," तो म्हणाला. "हिचं पेडल बोलतच नाही."

"सरकली की चांगली."

"सरकायला काय, ढकललं तरी सरकते. कुठे धरते तेच कळत नाही. आत काहीतरी राहिलंय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या त्याने गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला घेतला.

त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसली होती आणि मी तिच्यावर हसले होते. जेवायला आम्ही रस्त्यापलीकडच्या खानावळीत जायचो. एकदा मी मागे राहिले होते, आणि रस्त्याच्या मधोमध धाकट्याची डावी चप्पल पडलेली. उचलून नेली. तो बाकावर बसून आरामात जेवतोय, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. "काय राजे," मी म्हटलं, "अर्धी वरात मागेच राहिली की तुमची." त्याने पायाकडे बघितलं. घाबरला नाही, हसलाही नाही. नुसतं, अरेच्चा, म्हणाला आणि चप्पल सरकवली. मी खानावळवाल्यालाही ती गंमत सांगितली. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

भावजय मात्र हसली नसती. ती एक दिवस शेडवर आली. एरवी कधी येत नाही. डबा द्यायचं निमित्त केलं, आणि डबा धाकट्याला न देता माझ्याकडे आली. हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी सांगा त्यांना. पाय बर्फासारखा लागतो हाताला. साखर वाढलीय, डॉक्टरांनी बोलावलंय, जातच नाहीत. ही गाडी होऊ दे म्हणतात." मी म्हटलं, सांगते. आणि सांगितलंही, माझ्या पद्धतीने. म्हणजे शेडभर ओरडून. धाकट्याने गाडीखालून पाना आपटला, म्हणजे ऐकलं असं समजायचं. गेला नाही.

दुसऱ्यांदा गाडी उघडली तेव्हा त्याने सगळी स्प्रिंगं बदलली. पेडल मुकं. मग बेअरिंग बदललं. मुकं. तेवढ्यात त्याच्या डोक्यात घुसलं की दोष फ्लायव्हीलमध्ये आहे. फ्लायव्हील म्हणजे ती इंजिनाची ताटली, चांगली जाडजूड लोखंडी, जिच्यावर क्लच धरतो. "गंजाने तोंड खराब झालंय तिचं," म्हणाला, आणि ती काढून समोरच्या लेथवाल्याकडे घासायला दिली.

लेथवाला आमच्याहून मोठा, नाक सतत वाहतं, पण हात सोन्याचा. त्याने घासून आणून दिली आणि माझ्याशी थांबून बोलला. "घासलीय. पण तशी गरज नव्हती. तोंड साफ होतं तिचं."

"मग त्याला सांगायचं ना!"

"त्याला? क्लचचं? मी?" तो नाक पुसत म्हणाला. "तुम्ही सांगा की."

मी कशी सांगणार? मला ताटल्यांपलीकडे काय कळत होतं? आणि धाकट्याच्या पायाने आजवर कधी दगा दिला नव्हता. तो पाय म्हणाला काहीतरी राहिलंय, तर राहिलंच असणार. शेडमध्ये त्या पायाच्या वरचं कुणी नव्हतं. मीही तसंच मानत होते.

फ्लायव्हील बसवली. पेडल मुकं. धाकटा जेवेनासा झाला. चष्मेवाले येऊन उभे राहायचे, काही विचारायचे नाहीत, रेघेशी थांबून माझ्या शिटांचं कौतुक करून जायचे. भाचा म्हणाला, मी एक चक्कर मारून बघू का? तर धाकटा त्याच्या अंगावर धावून गेला. माझा पाय हो म्हणेस्तोवर या गाडीला कुणी हात लावायचा नाही. चष्मेवाल्यांनी भाच्याला दंडाला धरून बाहेर नेलं. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी धाकट्याशी बोलले नाही.

पुढच्या सकाळी मी मागच्या शिटेचं आवरण जमिनीवर पसरून बसले होते. फिकट, दुधी रंगाचं चामडं, चष्मेवाल्यांनी हौसेने आणलेलं. खडूने खुणा करून, कात्री आणायला उठले. परत येते तर धाकटा रेघ ओलांडून, चामड्यावरून चालत, माझ्या कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायला गेला होता. आणि चामड्यावर डाग. माझं डोकं फिरलं.

"डोळे फुटले का रे तुझे? एवढ्या वर्षांत कधी तेल आणलं नाहीस इकडे, आणि आज या चामड्यावर? आता हे काय तुझं डोकं घासून काढू?"

"तेल कुठलं?" तो पेला हातात धरून वळला. "मी आज तेलाला हात नाही लावला."

मी वाकून बघितलं. डाग लाल होते. एक लाल, पुढचा लाल, पाण्यापर्यंत सगळे डाव्या पायाचे.

"बस," मी म्हटलं. तो उभाच. "खाली बस म्हणते ना!"

तो माझ्या स्टुलावर बसला. मी त्याचा पाय मांडीवर घेतला. तळव्यात, चवड्याच्या मांसात, पितळेच्या रिव्हेटचा तुकडा रुतून बसला होता. जुनं लायनिंग काढताना रिव्हेटांची डोकी तुटून उडतात, त्यातलं एक, धारदार. आजूबाजूचं मांस काळं पडलेलं. हा आजचा नव्हता. काल, परवा, कधीचा कोण जाणे, आणि हा त्याच्यावर उभा राहून काम करत होता, त्याच पायाने पेडल दाबत होता. मी पकड घेतली, तुकडा धरला आणि दात खाऊन ओढला. रक्त आणि घाण बाहेर आली. तुकडा पकडीत आला. मी मान वर केली. धाकटा माझ्या तोंडाकडे बघत होता, वाट बघत असल्यासारखा.

"ओढ की," तो म्हणाला. "दुखू दे, मी नाही ओरडत."

मी पकड त्याच्यासमोर धरली. त्याने तुकडा बघितला, मग पाय बघितला. तळव्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "घट्टे पडलेत ना तळव्याला. कातडी जाड झालीय."

त्या दिवशी मी त्याचं काही ऐकलं नाही. लेथवाल्याला त्याची गाडी काढायला लावली, भावजयीला वाटेत घेतलं आणि दवाखान्यात नेऊन बसवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. जखम धुतली, बांधली. मग म्हणाल्या, आता जरा भिंतीकडे बघा काका, मी पायाला स्पर्श केला की हो म्हणायचं. हातात एक बारीक ताठ धागा होता. धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याला धागा टेकवला. तो गप्प. करंगळीला टेकवला. गप्प. टाचेला, चवड्याला, गप्पच. मग त्यांनी हात मागे घेतला आणि कागदावर काहीतरी लिहू लागल्या, आणि तेव्हा धाकटा भिंतीला म्हणाला, "हो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"हो," तो पुन्हा म्हणाला. "आता कळलं. अंगठ्यापाशी."

भावजय तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला तिथे बसूनच सगळं उमगलं. पेडल मुकं नव्हतंच. पहिल्या दिवशी, मला लोण्यासारखी सरकल्यासारखी वाटली तेव्हाच, ती गाडी बरी झाली होती. त्यानंतर धाकट्याने जे काही उघडलं, बदललं, घासलं, ते सगळं चांगल्या गाडीवर. माझ्या भावाचा पाय मेला होता, आणि त्याने त्या मेलेल्या पायाचं ऐकून हे सगळं केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. घोट्यापर्यंत संवेदना गेलीय, ती परत यायची नाही. जखम भरली तर पाय राहील, नाहीतर बोटं काढावी लागतील, कदाचित जास्त. अनवाणी तर घरातसुद्धा चालायचं नाही. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "त्या केसाएवढ्या धाग्याने हत्तीलासुद्धा काही कळणार नाही. पेडल म्हणजे पेडल. वेगळं असतं ते." मी, जिची जीभ सगळ्या गल्लीत प्रसिद्ध आहे, ती मूग गिळून चालत राहिले.

आठवडाभर भावजयीने त्याला घरात डांबून ठेवलं. मी शेडवर एकटी. शिटा पूर्ण केल्या, डागाळलेला तुकडा काढून दुसरा लावला. काळी गाडी पलीकडे उभी. मी रोज ठरवायची, आज संध्याकाळी जाऊन त्याला सांगायचं. रोज घरी जायची, त्याच्या उशाशी बसायची, आणि तो गाडीचंच बोलायचा. डोळे असे चमकायचे की मला धीर व्हायचा नाही. दुसऱ्या कुणाला मी फटकन सांगितलं असतं. ह्याला ह्याच्या पायाशिवाय दुसरं काय होतं? शाळेत चालला नाही, बोलता येत नाही, माणसांत मिसळता येत नाही. त्या एका तळव्यावर त्याने आयुष्य उभं केलं होतं.

मग तो आला. काठी टेकत, डाव्या पायाला हे एवढं बँडेज, मागून भावजयीचा फोन की वन्सं, हे ऐकतच नाहीत. आल्या आल्या लेथवाल्याला हाक मारली.

"फ्लायव्हील काढायचीय," म्हणाला. "अजून घासायला लागणार. मी पडल्या पडल्या विचार केला. दोष तिथेच आहे."

लेथवाल्याने नाक पुसलं. "अजून घासली तर कागद राहील तिचा. फिरताना फुटेल. गाडीखाली बॉम्ब ठेवल्यासारखं होईल, पायाळू. आणि असली दुसरी कुठे मिळायची नाही."

"मी सांगतो ना!"

"मग गाडी गेली म्हणून समज," लेथवाला म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या नजरेतच दिसत होतं की त्यालाही कळलंय. दवाखान्यात आम्हाला त्यानेच गाडीतून नेलं होतं. आता बोलायचं होतं ते मलाच.

मी हातातलं दाभण खाली ठेवलं आणि रेघ ओलांडली. "गाडी उघडायच्या आधी मी बसून बघणार," म्हटलं.

धाकटा हसला. त्या हसण्याचा मला राग आला, तेही बरंच झालं. "तू? शिटा शिवणारी बाई तू. तुला काय कळणार क्लचमधलं?"

"नाही कळलं तर नाही कळलं. तू बस शेजारी आणि शिकव. ताटल्यांवर शिकवलं होतंस ना?"

त्याला नाही म्हणता येईना. माझा हट्ट त्याला लहानपणापासून माहीत. लेथवाल्याने पुढे जाऊन हँडल मारलं, इंजिन धडधडू लागलं. धाकटा काठी बाहेर ठेवून माझ्या शेजारी बसला, मी शिवलेल्या नव्या शिटेवर. हँडब्रेक घट्ट ओढला. "चप्पल काढ," म्हणाला. काढली. पेडल गार होतं. "दाब. पूर्ण." दाबलं. त्याने गिअर टाकला. "आता सोड. सावकाश, बाळाला खाली ठेवतात तसं." मी पाय वर आणू लागले. "बाजूला व्हा हो," मी लेथवाल्याला ओरडले, "मी चालवतेय!" तो टुणकन उडी मारून बाजूला झाला.

आधी काहीच नव्हतं. मग पायाला जरा वजन लागलं. आणखी वर आला, आणि एका जागी तळव्याखाली थरथर सुरू झाली, बारीक, अगदी स्पष्ट. गाडीचं नाक किंचित खाली वाकलं, ब्रेकवर रेटा आला. मी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. तरी मला कळलं. आंधळ्यालाही कळलं असतं. ते पेडल नुसतं बोलत नव्हतं, बडबडत होतं.

"काय?" धाकट्याने विचारलं. "मुकं आहे ना?"

लेथवाला काचेपलीकडून माझ्याकडे बघत होता. हो म्हटलं असतं तर त्याने आजच फ्लायव्हील उतरवली असती, आणि गाडी कायमची गेली असती, कदाचित तो भाचाही. नाही म्हटलं तर माझा भाऊ जाणार होता.

"बोलतंय रे, धाकट्या," मी म्हटलं. "चांगलं बोलतंय."

"कुठे?" त्याने विचारलं.

"अर्ध्याच्या जरा वर. आधी मोकळं, मग जड, मग थरथर. झटका नाही. घसरण नाही."

"थरथर एकसारखी आहे? की अडखळते?"

"एकसारखी."

"पुन्हा कर." मी पुन्हा केलं. "पुन्हा." पुन्हा. तो डोकं माझ्याकडे कलवून ऐकत होता, प्रत्येक वेळी विचारत होता, आता कुठे, आता कसं, आणि मी सांगत होते. माझी पोटरी भरून आली. त्याच्या तोंडावर हळूहळू ते हसू आलं, काम मनासारखं झालं की येतं ते. "म्हणजे पहिल्यांदा बसवला तेव्हाच जमला होता," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे मी चांगलाच बसवला होता."

"चांगलाच," मी म्हटलं. माझे डोळे वाहत होते, मी पुसले नाहीत, त्याला समोरच बघू दिलं.

"शेवटचं एकदा," तो म्हणाला. "दोघं मिळून करू. मीही इथे खाली दाबतो, तुझ्याबरोबर. तू सोडलंस की मी सोडणार. बघू मला लागतं का."

त्याने बँडेज बांधलेला पाय त्याच्या बाजूच्या फळीवर टेकवला आणि चवडा दाबला. मी पेडल दाबलं. मग हळूहळू सोडायला लागले. वजन आलं, थरथर आली, गाडी वाकली, आणि माझा पाय पूर्ण वर आला. इंजिन ब्रेकशी झगडून एक आचका देऊन बंद पडलं. शेड एकदम शांत झाली. मी खाली बघितलं. धाकट्याचा पाय अजून दाबलेलाच होता, सगळा भार देऊन, बँडेजमधून ओल वर येत होती.

"सोडला," तो समोर बघत म्हणाला. "बरोबर तुझ्यासोबत सोडला. ना गं, ताई?"

"हो रे," मी म्हटलं. "अगदी बरोबर."